समुद्राच्या प्राण्यांना गोडं पाणी

राग माझ्या नाकावर असतो, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. नाकावर असता तर बरं झालं असतं, समोरच्याला आधी दिसला तरी असता. माझा राग जिभेखाली असतो आणि तिथून थेट बाहेरच पडतो. वर्गात पोरं मला टरकून असतात, स्टाफरूममध्ये लोक जपून बोलतात, आणि मला त्याचं आजवर कौतुकच वाटत आलं. मॅडम तोंडाच्या फटकळ आहेत पण विषयात पक्क्या आहेत, असं कोणी म्हटलं की मी मनातल्या मनात फुगायचे. त्या 'पक्क्या' शब्दाची आता लाज वाटते, म्हणून हे लिहायला बसले आहे. नाव कुणाचंच घेणार नाही. त्यामागे काही मोठेपणा नाही. माझ्यात तेवढी हिंमत नाही, एवढंच.

मी धुळ्यात राहते आणि एसटीने तासाभरावरच्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. एकोणतीस वर्षं झाली. आमच्या पोरांपैकी निम्म्यांनी समुद्र पाहिलेला नसतो. पाणी म्हटलं की त्यांच्यापुढे विहीर येते, नाहीतर टँकर. पांझरा नदीचं पात्र उन्हाळ्यात क्रिकेटच्या उपयोगाचं असतं. अशा पोरांना मी दरवर्षी समुद्रातल्या बिनकण्याच्या प्राण्यांचा धडा शिकवते, आणि खोटं कशाला बोलू, तो मी फार छान शिकवते.

धडा असा आहे. मासा खाऱ्या पाण्यात राहतो, पण त्याचं रक्त समुद्राइतकं खारट नसतं. जादा मीठ बाहेर टाकायची खटपट तो जन्मभर करत राहतो. शिंपले, समुद्रफूल, वाळूतला किडा यांना ही खटपट झेपत नाही. त्यांच्या अंगातलं पाणी समुद्राइतकंच खारट असतं. मग पंचाईत होते ती पेशीची. एवढं मीठ पेशीने आत भरून घेतलं तर आतली सगळी यंत्रणा बिघडते. नाही घेतलं तर बाहेरचं खारं पाणी पेशीतलं पाणी ओढून घेतं, आणि मिठात घातलेल्या कैरीच्या फोडीसारखी पेशी सुरकुतते. पेशी यातून तिसरीच वाट काढते. मिठाऐवजी ती अमिनो आम्लं साठवते, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ते बारीक तुकडे, आणि तसलेच आणखी काही निरुपद्रवी पदार्थ. आतलं नि बाहेरचं पारडं सारखं झालं की पाणी जागच्या जागी राहतं. बाहेर खारटपणा वाढला की पेशी साठा वाढवते, कमी झाला की साठा बाहेर टाकते. फक्त या दोन्हीला वेळ लागतो. 'वेळ लागतो' हे मी दरवर्षी फळ्यावर लिहायचे आणि खाली दोन रेघा मारायचे.

दोन वर्षांपूर्वी मी शेवटच्या वर्षाची पोरं घेऊन कोकणात सहलीला गेले. येताना निळ्या कॅनमध्ये समुद्राचं पाणी आणि त्यात थोडी समुद्रफुलं, काही शिंपले आणि दोन-चार चिमुकले खेकडे घेऊन आले. समुद्रफूल हा प्राणी आहे बरं का, नावावर जाऊ नका. खडकाला चिकटून बसतो आणि पाकळ्यांसारखे हातपाय पसरून भक्ष्य धरतो. प्रयोगशाळेत शंभर लिटरची काचेची टाकी मांडली, हवेचा पंप लावला, आणि खान्देशात समुद्र आणला म्हणून मी गावभर मिरवले. प्राचार्य येऊन फोटो काढून गेले. वर्गावर्गातली पोरं रांग लावून बघायला आली.

टाकीची निगा ठेवायचे आमचे मामा. मामा म्हणजे प्रयोगशाळेतले परिचर. कॉलेजात सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणायचे, जरी ते माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. अकरा वर्षं कंत्राटावर होते. दर एप्रिलमध्ये कागद नवा व्हायचा. बाटल्यांतले बेडूक-साप सांभाळायचे, सूक्ष्मदर्शकं पुसायचे, आणि मार्च लागला की कॉलेजातले सगळे कुलर भरायचे, दुरुस्त करायचे. कुलरच्या बाबतीत त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. मोटर घरघरली की लांबूनच सांगायचे, बुश गेलं म्हणून.

फेब्रुवारी संपता संपता आमच्याकडे ऊन तापायला लागतं. टाकीचं पाणी तापू नये म्हणून मी प्रयोगशाळेतला कुलर तिच्याकडे तोंड करून लावायला सांगितला. वाऱ्याने टाकीतलं पाणी रोज बोटभर खाली जायचं आणि मामा ते रोज भरून काढायचे. एक दिवस प्रात्यक्षिक चालू असताना माझं लक्ष गेलं. मामा फिल्टरच्या पाण्याची बादली घेऊन टाकीत सावकाश ओतत होते. गोड्या पाण्याची! माझं डोकंच फिरलं.

"अहो मामा! काय करताय? समुद्राच्या प्राण्यांना गोडं पाणी? मारायचंय का त्यांना?"

मामा दचकले. मग नेहमीच्या शांतपणाने म्हणाले, "मॅडम, उडतं ते नुसतं पाणी. मीठ कुठं उडतं? ह्या कुलरचंच बघा ना." आणि त्यांनी कुलरच्या जाळीवर जमलेला क्षारांचा पांढरा थर बोटाने खरवडून मला दाखवला. "पानी उडी जास, मीठ तठेच ऱ्हास. म्हणून गोडंच टाकतो रोज."

वर्गातली वीस-पंचवीस पोरं बघत होती. एखादी शहाणी बाई म्हणाली असती, अरे हो की. पाण्याची वाफ होते नि मीठ मागे राहतं, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. मिठागरं त्याच्यावरच चालतात. मला हे माहीत नव्हतं का? डोक्यात होतं, अगदी वरच होतं, पण त्याच्या आधी तोंड सुटलं.

"आता तू मला प्राणिशास्त्र शिकव," मी म्हटलं. "कुलर भरणाऱ्याने कुलर भरावा. उद्यापासून मिठाचं पाणी करून टाकायचं, लिटरला पस्तीस ग्रॅम. समुद्रात असतं तेवढं. कळलं?"

पोरं खो खो हसली. मामांना मी अकरा वर्षांत कधी अरे-तुरे केलं नव्हतं. त्यांनी बादली खाली ठेवली, हात पुसले आणि म्हणाले, "बरं मॅडम."

त्या दिवसापासून रोज दोन लिटर खारं पाणी टाकीत पडत राहिलं. उडायचं ते नुसतं पाणी, मीठ सगळं आत. आणि टाकीतले प्राणी? त्यांना काही झालं नाही! खेकडे पळत होते, शिंपले तोंड उघडून बसत होते, समुद्रफुलं जरा आकसल्यासारखी वाटायची, पण मी म्हणायचे, उन्हाळा आहे, होतं तसं. मामा आसपास असले की मी मुद्दाम मोठ्याने म्हणायचे, "बघा, कसे मजेत आहेत." मामा बादली ओतत राहायचे. त्या प्राण्यांची एकेक पेशी माझी चूक रोज निस्तरत होती. मी मीठ वाढवत होते, ती आतला साठा वाढवत होती. आणि ते जिवंत आहेत हा मी माझ्या बरोबर असण्याचा पुरावा समजत होते. लाज वाटण्यासारख्या गोष्टी पुढे पुष्कळ आहेत, पण ते "बघा, कसे मजेत आहेत" अजूनही बसमध्ये एकटी असताना आठवतं आणि मी खिडकीबाहेर तोंड करते.

तीन आठवडे गेले. सोमवारी कॉलेजची तपासणी करायला बाहेरगावची कमिटी येणार होती, आणि प्राचार्यांनी आमची टाकी पहिल्या नंबरला दाखवायची ठरवली होती. शनिवारी मी टाकी बारकाईने पाहिली. काचेच्या कडांना पांढरे ओघळ, पाणी गढूळ. म्हटलं, असलं काय दाखवायचं? मामांना सगळं पाणी बदलायला लावलं. मामांनी जुनं पाणी दोन निळ्या कॅनमध्ये मावेल तेवढं भरून कोपऱ्यात ठेवलं. समुद्राचं आहे, फेकायचं कशाला, म्हणाले. नवं पाणी त्यांनी माझ्यासमोर केलं. काट्यावर एकेक पुडी तोलून, लिटरला पस्तीस ग्रॅम. दोनदा तोलली प्रत्येक पुडी. अगदी चोख, समुद्रासारखं पाणी. प्राणी त्यात सोडले आणि मी खुशीत घरी गेले.

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेचं दार उघडलं तर वास आला. समुद्रफुलं फुगून, लिबलिबीत होऊन काचेवरून सुटली होती. खेकडे उलटे. दोन शिंपले तेवढे तोंड गच्च मिटून होते, बरणीत काढून ठेवले, पण तेही दोन दिवसांनी गेले. कमिटी यायला दोन तास होते. मागून प्राचार्य आले आणि टाकीकडे बघून त्यांचा चेहरा उतरला.

"कोणी केलं हे, मॅडम?"

मी म्हटलं, "पाणी मामांनी बनवलं होतं."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. मामा तिथेच टाकीपाशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तेही रागाने नव्हे. आता मॅडम पुढचं सांगतील, मोजताना मी शेजारी होते म्हणतील, असं वाटत असावं त्यांना. मी पुढचं काही सांगितलं नाही. टाकी रिकामी करून वर कापड टाकलं. कमिटी आली, कापडाकडे बघून पुढे गेली.

संध्याकाळी प्राचार्यांनी माझ्याकडून लेखी घेतलं. मी लिहिलं: परिचराने मीठ मोजण्यात निष्काळजीपणा केल्याने प्राणी दगावले. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं. दुसरं काय असणार? इतके दिवस मजेत होते आणि पाणी बदलल्यावर गेले, म्हणजे पाण्यातच चूक. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्यातला चोर आपण आहोत हे त्या चोराला ठाऊक तरी असतं.

ठाऊक झालं दुसऱ्या दिवशी. मामांची चूक किती मोठी होती ते आकड्यात बघावं, म्हणून मी कपाटातून पाण्याचा खारेपणा मोजायची काचेची नळी काढली. वर्षानुवर्षं ती डबीतच होती. काढायची गरज कधी वाटली नव्हती, एवढा माझा स्वतःवर विश्वास. बादलीत थोडं नवं पाणी उरलं होतं. त्यात सोडली, तक्त्यात पाहिलं, तर बरोब्बर पस्तीस. मग सहज म्हणून कोपऱ्यातल्या एका निळ्या कॅनमध्ये सोडली. नळी भलतीच वर आली. पुन्हा धुतली, पुन्हा सोडली. पन्नासच्या जवळ.

मी तिथल्या स्टुलावर बसले. सगळा धडा एका क्षणात डोळ्यांपुढे आला, माझाच धडा, माझ्याच शब्दांत. तीन आठवडे मीठ हळूहळू वाढत गेलं, पेशी हळूहळू साठा वाढवत गेल्या. साठ्याने गच्च भरलेल्या त्या पेशी मी एका दुपारी नेऊन साध्या समुद्राच्या पाण्यात टाकल्या. बाहेर मीठ एकदम कमी, आत साठा तेवढाच. बाहेरचं पाणी आत घुसलं. पाण्यात टाकलेल्या मनुकेसारख्या फुगल्या असतील. साठा बाहेर टाकायला त्यांना वेळ हवा होता, आणि तो मी दिला नाही. मामांचं ऐकून गोडं पाणी टाकलं असतं तर मीठ वाढलंच नसतं. वाढलेलं असताना आठ-दहा दिवस घेऊन थोडं थोडं उतरवलं असतं तरी वाचले असते.

माझा कागद अजून प्राचार्यांच्या टेबलावर होता. मला माहीत होतं, कारण येताना मी तो पेपरवेटखाली पाहिला होता. प्रयोगशाळेतून त्यांच्या केबिनपर्यंत चाळीस पावलं असतील. मी उठले, दाराला कडी लावली, दोन्ही कॅन उचलून बेसिनमध्ये ओतले आणि वर नळ सोडला. हे मला कोणी करायला लावलं नव्हतं. कॅन जड होते, कंबर दुखली, तरी शेवटच्या थेंबापर्यंत ओतले.

एप्रिलमध्ये मामांचा कागद नवा झाला नाही. जायच्या दिवशी ते प्रयोगशाळेत आले, कुठली किल्ली कुठल्या कपाटाची ते मला समजावून सांगितलं, आणि दारात थांबून म्हणाले, "माझ्याकडून काही चुकलं असेल तर माफ करा मॅडम."

आणि मी, मी बया, काय म्हणाले? "जाऊ द्या मामा, होतं असं माणसाकडून." मी त्यांना माफ केलं!

दोन वर्षं मी गप्प राहिले. धडा शिकवणं बंद केलं असतं तर काही तरी झालं म्हणता आलं असतं, पण तोही शिकवला, दोन्ही वर्षं. फक्त 'वेळ लागतो'च्या खाली रेघा मारायचं सोडलं. यंदा मार्चमध्ये एका रविवारी सकाळी मामा धुळ्याला माझ्या घरी आले. हातात शेवग्याच्या शेंगांची पिशवी. आता ते गावी कुलर दुरुस्त करतात आणि लोकांच्या मळ्यात मोटरी बसवतात. मी चहा टाकला. मामा खुर्चीच्या कडेवर बसले, कॉलेजात बसायचे तसे.

चाळीसगावकडच्या एका कॉलेजात परिचराची जागा निघाली होती. गुरुवारी मुलाखत. पण तिथल्या लोकांनी आमच्या कॉलेजातून त्यांची माहिती मागवली होती आणि त्यात माझा शेरा होता. "तेवढ्यानेच अडलंय," मामा म्हणाले. "पण मी काही भांडायला नाही आलो मॅडम. एक विचारायचं शे. मीठ मी दोनदा तोललं होतं. तुम्ही होत्याच समोर. मग चूक कुठं झाली? दोन वर्षं झाली, तेच डोक्यात येतं. काटा बिघडला होता का? का पुड्या मोजताना एखादी राहिली?"

मी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. मामा जरासे हसले. "घरी तर चेष्टाच चालते. भाजीत मीठ टाकायला गेलो की बायको म्हणते, मोजीसन टाका. गावात लग्नाचा स्वयंपाक असला की आचारी ओरडतो, ह्याला मिठाला हात लावू देऊ नका रे, मुके जीव मारलेत यानं. मी पण हसतो. पण मॅडम, कुठं चुकलो ते कळलं असतं तर बरं झालं असतं."

या माणसाने दोन वर्षं माझी चूक स्वतःच्या हातांत शोधली होती. मला रडू आलं, आणि रडण्याचासुद्धा राग आला. मी उठून वहीतला कागद फाडला आणि त्यांच्यापुढे बसून पेशी काढली. मिठाचं सांगितलं, साठ्याचं सांगितलं, रोजच्या दोन लिटरचं सांगितलं. नळीचं सांगितलं. कॅन ओतल्याचंही सांगितलं. इतक्या वर्षांत इतकं नीट मी कुणाला शिकवलं नव्हतं, आणि इतकं नीट कुणी ऐकलंही नव्हतं.

मामांनी कागद जवळ ओढला. मग बोट ठेवून म्हणाले, "म्हणजे गोडंच पाणी बरोबर होतं."

"हो."

"आणि शनिवारचं पाणीही बरोबर होतं."

"हो मामा. बिनचूक होतं."

"म्हणजे मी कुठंच चुकलो नव्हतो."

चहा तसाच गार झाला होता. मामांच्या आवाजात मी कधी न ऐकलेलं काहीतरी आलं. "तुम्हाला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, मॅडम? मंगळवारी?"

मी मान हलवली. मग घाईघाईने म्हटलं, मी तुम्हाला चांगलं सर्टिफिकेट देते, मेहनती, प्रामाणिक, कामात चोख, सगळं लिहिते. मामा उठून उभे राहिले.

"माझं चांगलं नका लिहू. ते आहेच. तुमचं चुकलं ते लिहा. आणि साहेबांकडे द्या, म्हणजे त्यांच्याकडून गुरुवारच्या आत तिकडं जाईल."

शेंगांची पिशवी टेबलावर तशीच ठेवून ते गेले.

त्याच दुपारी मी लिहिलं. चारच ओळी. प्राणी परिचरामुळे नव्हे तर माझ्या चुकीच्या सूचनेमुळे दगावले, त्यांच्यावर ठेवलेला ठपका खोटा आहे, तो काढावा. खाली सही, तारीख. सही नेहमीसारखी ठळक आली, आणि त्याचा मला अभिमान वाटला. बघा कशी खोड आहे, तिथेसुद्धा अभिमान.

सोमवारी प्राचार्यांना दिलं. तेच प्राचार्य. त्यांनी चष्मा लावून वाचलं, चष्मा काढला आणि माझ्याकडे बघून हसले.

"मॅडम, काय हे? निवृत्तीला दीड वर्ष राहिलं तुमचं. निरोपाच्या शालीचं बघायचं सोडून हे कुठलं उकरून काढताय? हे आवक रजिस्टरला लागलं की चौकशी लागणार. तुमचीही, माझीही. खोटा रिपोर्ट दिला म्हणून वरचे लोक तुम्हालाच धरतील." त्यांनी कागदाची घडी घातली आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवली. "घरी ठेवा. मी वाचलंच नाही असं समजा. त्या माणसाला काय, मिळेल कुठेतरी काम."

मी म्हणू शकत होते, नाही, शिक्का मारून घ्या. भाजीवाल्याशी, कंडक्टरशी, पोरांच्या बापांशी तासतास भांडणारी मी. जीभ जागची हलली नाही. मी घडी उचलली, पर्समध्ये घातली, चेन ओढली. आणि खरं सांगते, बाहेर व्हरांड्यात आले तेव्हा मला हायसं वाटलं. आपण दिलं, त्यांनी घेतलं नाही, आपण काय करणार? मंगळवार गेला. बुधवार गेला.

गुरुवारी अकराच्या सुमाराला मी स्टाफरूममध्ये होते. मामांचा फोन आला. मागे लोकांचा गलका होता.

"मॅडम, इथं बाहेर बसलोय. पुढच्या नंबरला मीच. पत्र दिलं का साहेबांना?"

"दिलं," मी म्हटलं.

"सोमवारी?"

"सोमवारीच दिलं."

मामांनी मोठा श्वास सोडलेला मला फोनवर ऐकू आला. "मग आत विचारलं तर सांगू ना, मॅडमनी लेखी दिलंय म्हणून? की चूक माझी नव्हती?"

समोर दोन सहकारी डबा उघडून बसल्या होत्या. एकीने मला खुणेनेच विचारलं, भाजी घेता का?

"सांगा," मी म्हटलं.

"तुमचे उपकार शेतस मॅडम. त्या दिवशी मी जरा जास्तच बोललो, मनावर घेऊ नका." मागे कोणीतरी त्यांचं नाव पुकारलं. "चला, बोलावलं," म्हणाले आणि आत गेले. पत्र माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये होतं.